सेन्सर नवा, वायर नवी, तरी हीट मीटरचा काटा चुकतोच

तक्रार नेहमी एकाच साच्याची असते. ट्रॅक्टरचा किंवा जुन्या जीपचा हीट मीटर, म्हणजे इंजिनच्या पाण्याचं तापमान दाखवणारा काटा, बंद पडतो. बाजारातून नवा सेन्सर येतो, बसतो, काटाही हलतो. पण दोन ट्रॉल्या ऊस भरून चढाला लागलं की रेडिएटरच्या टोपणातून वाफ, आणि काटा अजून हिरव्या पट्ट्यातच. मग दुसरा सेन्सर, मग तिसरा. किंवा बरोबर उलटं: सकाळी गार इंजिन चालू केल्यावर दोन मिनिटांत काटा लाल, आणि हेडला हात लावावा तर कोमट. हंगाम संपेपर्यंत टूलबॉक्समध्ये चार सेन्सर जमतात. त्यातले बरेचसे चांगले असतात.

दोष सेन्सरमध्ये कमी आणि जोडीत जास्त असतो. मीटरला तापमान कळत नाही, त्याला फक्त ओहम (रेझिस्टन्सचं, म्हणजे करंटला होणाऱ्या अडथळ्याचं माप) कळतात. सेन्सरच्या पितळी टोकात थर्मिस्टर असतो. पाणी तापेल तसा त्याचा रेझिस्टन्स उतरत जातो. वायरीवर अमुक ओहम दिसले की मीटर काटा तमुक आकड्यावर नेतो, आणि कोणत्या ओहमला कोणता आकडा हे मीटर बनवतानाच ठरलेलं असतं. तेव्हा "ट्रॅक्टरचा हीट सेन्सर द्या" एवढं सांगून आणलेला सेन्सर आट्यांना बसेल, मीटरला बसेलच असं नाही.

आधी काटा जिवंत आहे का बघा

किल्ली ऑन, इंजिन बंद. सेन्सरवरची वायर काढून मोकळी धरा. काटा गार टोकाला जायला हवा. आता तीच वायर इंजिनच्या उघड्या लोखंडाला एक-दोन सेकंद टेकवा. काटा गरम टोकाकडं निघाला की लगेच उचला. जुन्या जीप-गाड्यांतले बायमेटलचे मीटर सुस्त असतात, काटा चढायला पंधरा-वीस सेकंद घेतात. त्यांची वायर थेट लोखंडाला टेकवून धरून ठेवली तर आतली तापतार जळू शकते. तिथं वायर आणि लोखंड यांच्यामध्ये २२ ओहमचा, २ वॅटचा रेझिस्टर धरून तपासा.

वायर टेकवूनही काटा ढिम्म असेल तर दोष मीटरकडच्या बाजूला: फ्यूज, किल्लीवरून येणारा करंट, मीटरचं अर्थिंग, मधली तुटकी वायर. वायर मोकळी असतानाही काटा लाल टोकालाच असेल तर ती वायर वाटेत कुठंतरी बॉडीला टेकली आहे. क्लिपाखाली चेपलेली, सायलेन्सरच्या मॅनिफोल्डजवळ वितळलेली, नाहीतर गोठ्याशेजारी उभ्या ट्रॅक्टरात उंदरानं कुरतडलेली. काही मीटरचा काटा किल्ली बंद केल्यावर आहे तिथंच थांबतो. तो त्या प्रकारच्या मीटरचा स्वभाव आहे, बिघाड नव्हे.

दोन्ही टोकांना काटा गेला म्हणजे मीटर जिवंत आहे, एवढंच सिद्ध झालं. तो खरं बोलतो, हे अजून सिद्ध व्हायचं आहे. बरेच वायरमन इथंच थांबतात आणि "सेन्सर गेलाय" म्हणून चिठ्ठी देतात.

अर्थिंग: काटा कमी दाखवण्याचं नेहमीचं कारण

सेन्सरला एकच पिन असते, म्हणजे करंटचा परतीचा रस्ता त्याच्या आट्यांतून, इंजिनच्या लोखंडातून, बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत. या रस्त्यात जे काही जादा ओहम बसतील ते मीटर सेन्सरचेच समजतो. जादा ओहम म्हणजे त्याच्या लेखी गार पाणी.

हिशेब करून बघा. बाजारात सर्रास मिळणारा व्हीडीओ (VDO, एक जर्मन ब्रँड) पद्धतीचा १२० अंशांपर्यंतचा सेन्सर ४० अंशांना सुमारे २८७ ओहम, ६० ला १३४, ८० ला ७०, ९० ला ५१, १०० ला ३८ आणि १२० ला २२ ओहम दाखवतो. आता अर्थिंगमध्ये फक्त १० ओहम वाढले असं धरा. गार इंजिनात २८७ चे २९७ झाले, काट्याला फरक कळतसुद्धा नाही. पण पाणी १०० ला पोचलं की ३८ चे ४८ होतात आणि काटा ९२ वर थांबतो. १२० ला तर २२ चे ३२, काटा १०६ वर. म्हणजे गार असताना सगळं बरोबर, आणि जिथं काट्याची खरी गरज तिथं तो चौदा अंशांनी खोटा. आटे पांढऱ्या टेपनं जाड गुंडाळले, नाहीतर सेन्सर रंगाच्या थरावर बसवला, की एवढे ओहम सहज येतात.

मोजायचं असं. इंजिन तापवून बंद करा, किल्ली काढा, सेन्सरची वायर सोडवा. मल्टिमीटर २०० ओहमच्या रेंजवर ठेवून आधी त्याच्या दोन तारा एकमेकींना टेकवा. अर्धा ओहमच्या आसपास जे दिसेल ते पुढच्या प्रत्येक आकड्यातून वजा करायचं. मग एक तार सेन्सरच्या पिनला आणि दुसरी सेन्सरच्याच पितळी षटकोनाला. आकडा लिहून घ्या. लगेच दुसरी तार बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला लावा. खांबालाच लावा, क्लॅम्पला नाही, कारण क्लॅम्पखालचा पांढरा बुरासुद्धा पकडायचा आहे. दोन आकड्यांत एक ओहमपेक्षा जास्त फरक नको. पाच-दहाचा फरक आला तर सेन्सर बदलून काहीही होणार नाही. हे काम भराभर करा, इंजिन निवत जाईल तसा आकडा चढत जातो.

फरक सापडला की बघायच्या जागा ठरलेल्या आहेत. समांतर आट्यांचा, तांब्याच्या वॉशरवर बसणारा सेन्सर असेल तर टेप काढून टाका. पाणी वॉशर अडवतो, आटे नाही. निमुळत्या आट्यांवर एक-दोन वेढे चालतात, पण आट्यांवर लावायची सीलंट पेस्ट बरी. जीप-गाड्यांत इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळं इंजिन आणि चॅसिसमधली विणलेली अर्थ पट्टी तुटली, किंवा ओव्हरहॉल करताना परत लावायची राहिली, तर करंट भलत्याच वाटेनं फिरतो, कधी अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधूनसुद्धा. आणि सेन्सर रेडिएटरच्या रबरी पाइपमध्ये जोड घालून बसवला असेल तर त्याला अर्थिंग मुळीच नसतं. त्या जोडाच्या अंगाला वेगळी वायर स्क्रूनं पक्की करून ती इंजिनवर आणावी लागते. थर्मोस्टॅटच्या (पाणी तापल्यावर ते रेडिएटरकडं सोडणाऱ्या झडपेच्या) प्लास्टिकच्या हाउसिंगचंही तेच.

हेडलाइट लावला की काटा सरकतो, इंडिकेटरबरोबर थरथरतो, अशी तक्रार असेल तर सेन्सरकडं जाऊच नका. डॅशबोर्डचं अर्थिंग ढिलं आहे. इंजिन चालू, लाइट चालू ठेवून व्होल्टवर मोजा: बॅटरी निगेटिव्ह ते इंजिन ब्लॉक ०.१ व्होल्टच्या आत, बॅटरी निगेटिव्ह ते मीटरचा अर्थ ०.२ च्या आत. जास्त आलं तर मीटरच्या अर्थ पिनपासून थेट चॅसिसवरच्या स्वच्छ घासलेल्या बोल्टपर्यंत १ चौरस मिमीची वायर ओढा.

जुन्या गाडीत हीट मीटर आणि डिझेलचा मीटर दोघंही एकाच वेळी जास्त दाखवू लागले तर डॅशमागचा व्होल्टेज स्टॅबिलायझर बघा. त्याच्या डबीचं अर्थिंग सुटलं की दोन्ही मीटरना बॅटरीचा पूर्ण दाब मिळतो आणि दोन्ही काटे जोडीनं वर जातात. टाकीत डिझेल अर्धं आणि काटा पाऊण, हा त्याचा पुरावा.

जोडी कशी ओळखायची

मीटरच्या मागे किंवा डब्यावर ओहमचे आकडे छापलेले असतील तर प्रश्न मिटला. बहुतेकदा नसतात, आणि भंगारातून आणलेल्या मीटरला तर डबाच नसतो. मग टेबलावर बसून दोघांची वेगवेगळी परीक्षा घ्यायची.

मीटरसाठी १२ व्होल्टची बॅटरी, वाटेत १ अँपिअरचा फ्यूज, आणि २२, ३९, ६८, १२० आणि २७० ओहमचे रेझिस्टर, प्रत्येकी २ वॅटचे. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात किरकोळ पैशांत मिळतात; पाव वॅटचे घेऊ नका, हातात चटका बसतो आणि तापल्यावर आकडा सरकतो. मीटरच्या प्लसला बॅटरीचा प्लस, अर्थच्या खुणेला मायनस, आणि सेन्सरच्या पिनपासून मायनसपर्यंत एकेक रेझिस्टर लावत जा. प्रत्येक वेळी काटा स्थिर होऊ द्या आणि आकडा लिहा. ३९ ला काटा १०० च्या जवळ, ६८ ला ८० च्या जवळ आला तर मीटर वर सांगितलेल्या व्हीडीओ पद्धतीचा. ३९ ला तो भलतीकडेच गेला तर त्याला दुसऱ्या आकड्यांचा सेन्सर हवा.

सेन्सरसाठी पातेलं, पाणी आणि ११० पर्यंत जाणारा थर्मामीटर. तापाचा थर्मामीटर ४२ ला संपतो, त्याचा उपयोग नाही; गुऱ्हाळावर काहिलीत धरतात त्या जातीचा असेल तर उत्तम. सेन्सर वायरीला टांगून फक्त पितळी टोक पाण्यात बुडवा. पिन कोरडी राहिली पाहिजे आणि टोक बुडाला टेकता कामा नये, कारण बूड पाण्यापेक्षा गरम असतं. ४०, ६०, ८० ला गॅस बारीक करून मिनिटभर पाणी ढवळा आणि मगच ओहम वाचा. पाणी खळखळलं की शेवटचा आकडा घ्या, पण तो १०० चा समजू नका. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे, इथं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. पन्हाळ्यावर ९७ च्या. व्हीडीओ पद्धतीचा सेन्सर इथल्या उकळत्या पाण्यात ३८ ऐवजी ४० ओहम दाखवेल. तो सेन्सर बिघडलेला नाही.

आता दोन याद्या शेजारी ठेवा. सेन्सरचे ८० चे ओहम आणि मीटरला ८० वर नेणारे ओहम जवळपास जुळले, १०० लाही जुळले, तर जोडी जमली.

जुळत नसताना सेन्सरला समांतर रेझिस्टर लावून काटा "सेट" करून देण्याचा जुगाड सर्रास चालतो. तो का फसतो तेही आकड्यांतच दिसतं. समजा सेन्सरचे ओहम सगळीकडं दुप्पट आहेत: ४० ला ५७४, ८० ला १४०, १०० ला ७६, १२० ला ४४. १०० ला काटा बरोबर यावा म्हणून ७६ ओहम समांतर लावला. १०० ला ३८ मिळाले, झकास. पण ८० ला ५० ओहम, म्हणजे काटा ९१ वर. चाळिशीतलं कोमट इंजिन ८१ दाखवतं. आणि खरे १२० असताना काटा १११ वर. एका जागी बरोबर, खाली जास्त, वर कमी. ड्रायव्हर आठवड्यात त्याच्यावरचा विश्वास सोडतो, आणि ते एका अर्थी बरंच.

सारखे दिसणारे, पण वेगळे

काउंटरवर ठेवलेले पाच पितळी नग एकाच आईचे वाटतात. त्यातला पंख्याचा थर्मोस्विच हा सेन्सर नव्हेच. तो ठरलेल्या तापमानाला जोडतो किंवा तोडतो. मल्टिमीटरवर गार असताना उघडा, म्हणजे अनंत ओहम दिसला तर संशय घ्या. मीटरला तो लावला की काटा गारलाच पडून राहतो आणि एकदम लालवर उडी मारतो.

हीच लक्षणं दोन पिनांच्या खऱ्या सेन्सरमध्येही दिसतात, जर वायर चुकीच्या पिनवर असेल. व्हीडीओ पद्धतीत 'G' अक्षराची पिन मीटरची आणि 'WK' लिहिलेली पिन धोक्याच्या दिव्याची. नवा सेन्सर परत करायला निघण्याआधी ही अक्षरं काच धरून वाचा. धुळीत ती दिसत नाहीत.

ऑइल प्रेशरचा सेन्सर आट्यांना चपखल बसू शकतो, पण त्याचे १० ते १८० ओहम दाबाबरोबर वाढतात. तापमानाचा त्याला पत्ता नाही.

इंजिनच्या कॉम्प्युटरला जाणारा दोन पिनांचा सेन्सर ५ व्होल्टवर चालतो आणि त्याचे ओहम फार मोठे असतात, २० अंशांना दोन-अडीच हजार, ८० ला तीनशेच्या आसपास. त्यावर काट्याचा मीटर टॅप करू नका. मीटरही चुकेल आणि कॉम्प्युटरला इंजिन असेल त्याहून वेगळं दिसल्यानं इंधनाचं प्रमाण बिघडेल. याच कारणानं एका सेन्सरवर दोन मीटर कधीच नकोत, एक जुना डॅशवर आणि एक नवा खाली असे. दोघेही आपला करंट त्याच रेझिस्टन्समधून ढकलतात आणि दोघेही चुकतात. नव्या मीटरला नवा सेन्सर, वेगळ्या भोकात.

ट्रकचा मीटर ट्रॅक्टरला लावताना व्होल्ट बघा. मोठ्या ट्रकांचं वायरिंग २४ व्होल्टचं, ट्रॅक्टरचं १२ चं. उलट १२ चा मीटर ट्रकच्या २४ वर लावला तर तो जास्त दिवस टिकत नाही.

डब्यात सेन्सरसकट येणारे डिजिटल मीटर बरे असतात, पण त्यांची जोडी तोडू नका. डब्यातला सेन्सर हरवला की मीटरही गेला समजा.

आटे

ओहम जुळल्यावरच आट्यांकडं यायचं. लोक उलटं करतात. नेहमी भेटणारे माप म्हणजे एम १० बाय १ (जाडी १० मिमी, दोन आट्यांतलं अंतर १ मिमी), एम १२ बाय १.५, एम १४ बाय १.५, एम १६ बाय १.५, आणि पाइपाच्या मापात १/८ व १/४ इंच. घात होतो तो १/८ मध्ये. अमेरिकन एनपीटीला इंचात २७ आटे, ब्रिटिश बीएसपीला २८, आणि जाडी जवळपास तीच. एम १० बाय १ सुद्धा त्यांच्याच जवळचा. तीनही एकमेकांच्या भोकात दोन-तीन फेरे हातानं फिरतात, मग जाम होतात. तिथं पान्याला पाइप लावून जोर केला की अ‍ॅल्युमिनियमच्या हेडचे आटे निघून येतात. हातानं पाच-सहा फेरे सहज बसले पाहिजेत, त्यानंतर पाना. शंका असेल तर पिच गेज (आट्यांतलं अंतर मोजायची दातेरी पट्टी) लावा.

माप जुळत नसेल तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात कोणत्याही लेथवर पितळी अ‍ॅडॉप्टर तासाभरात कातून मिळतो. लेथवाल्याला दोन गोष्टी सांगा. एक, दोन्ही बाजूंचे आटे नमुन्यावरून, तोंडी मापावरून नको. दोन, अ‍ॅडॉप्टर शक्य तितका आखूड. लांब अ‍ॅडॉप्टरमध्ये सेन्सरचं टोक वाहत्या पाण्यात पोचतच नाही, साचलेल्या पाण्याच्या खोबणीत बसतं, आणि काटा पाच-सात मिनिटं मागे चालतो. बसवल्यावर टोक भिंतीच्या आत किमान सेंटीमीटरभर पाण्यात शिरलं पाहिजे.

नवी वायर ओढताना

किल्लीनंतरच्या लाइनवरून ३ अँपिअरच्या फ्यूजमधून मीटरच्या प्लसला करंट. थेट बॅटरीवरून नको, रात्रभर मीटर चालू राहतो. सेन्सरची वायर ०.७५ किंवा १ चौरस मिमी, मधे सांधा न देता एकसंध, मॅनिफोल्डपासून वीतभर लांब, स्लीव्हमधून. फायरवॉलच्या (इंजिन आणि डॅशमधल्या पत्र्याच्या) भोकात रबरी ग्रोमेट हवाच. वायरीच्या टोकाला थिंबल (धातूची टोपी) दाबून क्रिम्प करा, वर हीट श्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी. नुसतं पिळून काळी टेप गुंडाळली तर पहिल्या पावसाळ्यात तार हिरवी पडते आणि पुन्हा तेच जादा ओहम. सेन्सर बदलताना इंजिन पूर्ण गार हवं. गरम रेडिएटरचं टोपण उघडू नका, आतल्या दाबामुळं पाणी शंभरच्या वर गेलेलं असतं आणि टोपण सैल होताच तोंडावर उसळतं.

काटा खरा, पण पाणी खोटं

ओहम जुळले, अर्थिंग स्वच्छ, तरी काटा वरखाली करत असेल तर हवा अडकली आहे. सेन्सर वाफेत असेल तर तो पाण्याचं तापमान सांगत नाही. पाणी संपल्यावर तर काटा उलट खाली येतो, आणि इंजिन जातं ते तेव्हाच. पाणी बदलल्यावर गाडीचं नाक वर येईल असं उभं करून, टोपण उघडं ठेवून, गार इंजिन थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवा आणि बुडबुडे थांबले की भरून घ्या.

बोअरच्या पाण्यानं सेन्सरवर पांढरा चुना बसतो, काटा मागे राहतो. काढून व्हिनेगरमध्ये अर्धा तास ठेवा. थर्मोस्टॅट काढून टाकलेल्या इंजिनात काटा कायम खालीच राहील, तो सेन्सरचा गुन्हा नाही. आणि वैभववाडीहून करूळ घाट चढणारी रिकामी गाडी ९० दाखवते पण कारखान्याच्या यार्डात रांगेत उभा ट्रॅक्टर १०५ दाखवतो, तर काट्यावर विश्वास ठेवून रेडिएटरसमोरची जाळी बघा. पाचट आणि पाल्याचा थर निघेल.

नव्या गाड्यांत काट्याला कॉम्प्युटर हलवतो आणि चालू तापमानाच्या बऱ्याच मोठ्या टप्प्यात तो मुद्दाम मधोमध धरून ठेवतो, म्हणून तिथं वरची ओहमची परीक्षा लागू नाही. ओबीडीच्या (गाडीचा कॉम्प्युटर तपासायच्या) खोबणीत रीडर लावून कूलंटचा आकडा वाचा. आणि काही जुन्या ट्रॅक्टरांत वायरच नसते, मीटरमागून तांब्याची बारीक नळी थेट इंजिनात गेलेली असते. ती कापता, जोडता किंवा दुमडता येत नाही. आतला द्रव गेला की मीटर संपला. तिथं नळी, टोक आणि मीटर असा सबंध संचच घ्या, आणि नळी उरली तर तळहाताएवढं वेटोळं करून मोकळं बांधा.